चुकलं की पहिल्यापासून

७ जानेवारी

बाबा,

दादाच्या पत्त्यावर लिहिते आहे. पाकीट वहिनीच्या हाती पडेल. तिने ते फोडू नये आणि तुमच्या उशाशी ठेवावं, एवढंच तिला सांगणं आहे. फोन तुम्ही उचलत नाही, तेव्हा आता करणार नाही. पत्र निदान वाजत तरी नाही.

तुम्ही जाऊन सोळा दिवस झाले. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना माणूस राजीनामा देऊन मुलाकडे निघून जातो, याचं कारण लोक मला विचारतात. मी सांगते, तब्येत. आत्या तेव्हा माझ्याकडे बघते आणि काही बोलत नाही. आत्या बोलत नाही म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे.

त्या दिवशी तपासनिसांसमोर जे झालं ते व्हायला नको होतं. माल घेणारी एवढी मोठी कंपनी, तिची माणसं आपल्या हॉलमध्ये आली, तुम्हाला विचारलं की या पोत्यांत काय आहे, आणि तुम्ही म्हणालात, "पांढरी." ते लोक हसले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पण बाबा, चूक कोणाची हे बाजूला ठेवून एक सांगा. चाळीस माणसं रोज जे पोत्यातून भांड्यात ओततात, ज्याने त्यांचे डोळे चुरचुरतात आणि छाती जळते, त्याचं खरं नाव त्यांना घेता येऊ नये का? तुमच्या कामावरच्या जोडीदाराला डॉक्टरने विचारलं होतं, काय हाताळता? तो म्हणाला, पांढरी. डॉक्टरने कागदावर चुना लिहिलं आणि चुन्याचं औषध दिलं. हे मला तुम्हीच सांगितलं होतं, मी नववीत असताना. मी तेव्हाच ठरवलं होतं की शिकायचं ते यासाठी.

म्हणून मी वर्ग सुरू केला आहे, पांढरीचं खरं नाव म्हणायला शिकवण्याचा. थॅलिक अॅनहायड्राइड. कामगारांच्या घरातली पहिली पदवीधर म्हणून मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली. तुम्ही असायला हवे होतात.

तुमचा पाना हॉलमधल्या पाइपाशेजारच्या खिळ्यावर तसाच लटकतो आहे.

तुमची छोटी


२९ जानेवारी

बाबा,

उत्तर नाही, हरकत नाही. वहिनीने दादाकडून कळवलं की पत्र तुम्ही वाचता आणि घडी घालून ठेवता. मला तेवढं पुरतं.

वर्ग चांगला चालला आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर वीस मिनिटं, ऑफिसशेजारच्या खोलीत. मी फळ्यावर इंग्रजी अक्षरं लिहिली आणि सांगितलं की सुरुवातीला पी आणि एच दिसतात, पण त्यांचा उच्चार करायचा नाही. सरळ 'थॅ'वर यायचं. आत्या पहिल्या बाकावर बसली होती. म्हणाली, "म्हणजे हे दोघं आपल्या ऑफिसातल्यासारखे. दारात उभे, नाव पाटीवर, आणि काम काही नाही." सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग तिला उठवून म्हणायला लावलं, तर ती म्हणाली, "फथालिक." नंतर "पथॅलिक." नंतर म्हणाली, "मास्तरीणबाई, माझे पुढचे दोन दात पाडले तर सोपं जाईल."

मी तिला खाली बसू दिलं नाही, बाबा. घरची म्हणून सूट दिली असती तर बाकीच्यांनी काय म्हटलं असतं?

आता हे सगळं नुसतं तपासनिसांसाठी नाही. नवी पद्धत आली आहे. हॉलच्या दाराशी लाल फोन बसवला आहे. काही झालं तर तो उचलायचा. तो लागतो थेट मुख्य कचेरीत, दुसऱ्या शहरात. तिथल्या मुलीला तीन गोष्टी सांगायच्या: हॉलचा नंबर, पदार्थाचं पूर्ण नाव, काय झालं. तिच्या समोरच्या पडद्यावर तीन रकाने असतात. तिन्ही भरले की इथला भोंगा वाजतो. आणि भोंगा वाजेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही, नाहीतर पळापळीत माणसं चेंगरतात. मला हे शास्त्रशुद्ध वाटतं. तुमच्या वेळी पाइपावर पाना आपटला की सगळे बाहेर, कशासाठी ते बाहेर जाऊन विचारायचं.

लाल फोनवर आत्याची नेमणूक झाली आहे, कारण तिची पोती फोडायची जागा दाराजवळ आहे. म्हणून तर मी तिच्याकडून जास्त घोकून घेते. वर्गाचा एकच नियम ठेवला आहे. अडखळलात तर मधूनच दुरुस्त करायचं नाही. चुकलं की पहिल्यापासून. कॉलेजात आम्हाला पाठांतर असंच करायला लावत, आणि ते पक्कं बसतं.

तुमचा चेला लंबू मात्र वात्रटपणा सोडत नाही. काल मी घड्याळ लावून आत्याची वेळ मोजत होते. तो म्हणाला, "बाईंचा हात घड्याळावर, माझा हात केटलच्या झाकणावर. बघू कुणाचा आधी पोळतो." केटल म्हटलं की मला अजून चहाची आठवते. ते राळ शिजवायचं दोन मजली भांडं पाहिलं की हसू येत नाही.

पाना मी काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. तपासनिसांनी त्या पाइपाला पडलेल्या पोच्यांचे फोटो काढले होते. साहेब म्हणाले, ठोकाठोकी आजपासून बंद. नोटिशीचा मजकूर मी लिहिला. भाषा सौम्य ठेवली आहे.

छोटी


१८ फेब्रुवारी

बाबा,

पहिल्या पत्रात मी लिहिलं, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक आहेच. पण मी ते दादाला वेगळं सांगितलं, शेजारी वेगळं सांगितलं, आणि इतक्यांदा सांगितलं की मलाही तसंच आठवू लागलं होतं. मी सांगत आले की तपासनिसाने तुम्हाला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं.

त्याने लावलं नव्हतं. तो हसून पुढे निघाला होता. मीच त्याला थांबवलं. मला त्याला दाखवायचं होतं की आमची माणसं शिकू शकतात. मी म्हणाले, "एक मिनिट. बाबा, म्हणा. मी शिकवलंय ना तुम्हाला." तुम्ही टोपी काढून हातात घेतलीत. चार वेळा म्हणालात. चारही वेळा मी म्हणाले, "पहिल्यापासून." चौथ्या वेळी तुम्ही त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होतात.

हे लिहायला मला दोन महिने लागले.

आज दुसरीही गोष्ट सांगायची आहे. परवा दुपारी पोती ओतताना हॉलमध्ये धुरळा उठला. मी दाराशी होते. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. लंबूने वरून पाइपावर मूठ आपटली आणि ओरडला, "पांढरी आली." सगळे बाहेर पडले, मीही पडले. पाच मिनिटांत धुरळा बसला. काही झालं नाही. पण भोंगा वाजला नसताना जागा सोडली आणि सगळ्यांना सोडायला लावली म्हणून लंबूला लेखी ताकीद मिळाली. ताकिदीवर प्रशिक्षक म्हणून माझी सही आहे.

ताकीद घेऊन मी त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "बाई, तुमचे बाबा असते तर मला एक चहा मिळाला असता." कागद घडी करून त्याने खिशात ठेवला.

मी हॉलमध्ये गेले की आता बोलणं थांबतं. कुणी वाईट वागत नाही. मला बघून सगळे तो शब्द म्हणतात, अगदी नमस्कार केल्यासारखा. थॅलिक, बाई. थॅलिक.

छोटी


६ मार्च

बाबा,

हे पत्र मिळताच उत्तर द्या. माझ्यावर रागावून द्या, पण द्या.

आत्या चार दिवसांपासून म्हणते आहे की पाइप घुसमटला आहे. केटलमधून वर छतापर्यंत जातो तो, तुम्ही ठोकायचात तो. तिने मला समजावून सांगितलं. वाफ वर जाता जाता पाइपात थंड होते, तिच्या पांढऱ्या सुया होतात, त्या आतून चिकटतात. पाइप हळूहळू अरुंद होत जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ती म्हणाली, "तुझा बाप दर पाळीला पाना मारून कान लावायचा. पोकळ वाजला तर मोकळा. बद्द वाजला तर काम बंद. तो वर्दी द्यायला ठोकायचा असं वाटत होतं ना तुला? तो आधी ऐकायचा, बये."

मला माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं तुमच्या घरात राहिले आणि मला वाटायचं ती नुसती सवय आहे.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी मला काचेमागचा दाबाचा काटा दाखवला. काटा हिरव्यात आहे. साफसफाई पंधरा तारखेला आहे, तक्ता भिंतीवर लावला आहे. ते म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. आत्याबाईंच्या कानावर कारखाना चालवायचा का?" मी तक्त्याकडे बघून परत आले.

आत्याने काल माझ्या टेबलाशी येऊन हात पुढे केला. "पाना दे." मी म्हणाले, नोटीस आहे, आत्या. ती म्हणाली, "नोटीस कोणी लिहिली?" आणि हात तसाच ठेवून उभी राहिली. मग तिची पाळी सुरू झाली आणि ती गेली.

आजच तिची परीक्षा झाली. नऊ सेकंद. हॉल नंबर दोन, थॅलिक अॅनहायड्राइड, गळती. एकदाही अडखळली नाही. मी तिच्या प्रमाणपत्रावर सही केली. घरी आल्यावर तिने ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं.

बद्द म्हणजे नेमका कसा आवाज? कळवा.

छोटी


११ मार्च

बाबा,

दादाचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात होते. त्याला सांगितलं तेच लिहिते.

केटलचं झाकण उडालं. आत्या जिवंत आहे. हातावर, चेहऱ्यावर भाजलं आहे, डोळ्यांवर पट्टी आहे, डॉक्टर म्हणतात नजर वाचेल.

लंबू गेला. तो वर झाकणाशी होता. धूर सुटला तेव्हा पळाला नाही. भोंगा वाजला नव्हता.

मी खाली ऑफिसात होते. खण उघडला तेव्हा पाना समोर होता. तो घेऊन मी जिन्यापर्यंत गेले.

छोटी


१९ मार्च

बाबा,

चौकशी उद्या आहे. म्हणून आज सगळं लिहून ठेवते. उद्या मी कशी बोलेन, सांगता येत नाही.

लाल फोनवरचं बोलणं ध्वनिमुद्रित होतं. सोमवारी साहेबांनी मला बोलावलं आणि दार लावून ते ऐकवलं. एकेचाळीस सेकंद.

आत्या फोन उचलते. म्हणते, हॉल नंबर दोन. थॅलिक अॅन... मग तिला खोकला येतो. मागून लंबूचा आवाज येतो, "ताई, लवकर." आणि मग आत्या म्हणते, अगदी शांतपणे, वर्गात म्हणते तसं, "चुकलं. पहिल्यापासून." हॉल नंबर दोन. थॅलिक. पुन्हा खोकला. "पहिल्यापासून." पलीकडची मुलगी म्हणते, पदार्थाचं नाव पूर्ण सांगा. लंबू ओरडतो, "ताई, पांढरी म्हण. पांढरी म्हण आणि बाहेर जा." तिसऱ्या वेळी आत्या पूर्ण म्हणते. थॅलिक अॅनहायड्राइड. इतका स्वच्छ उच्चार मी स्वतः कधी केलेला नाही. त्यानंतर जो आवाज आहे तो मी लिहीत नाही.

साहेबांनी यंत्र बंद केलं. म्हणाले, "उच्चार बघा किती सुंदर. तुमची मेहनत दिसते." मग त्यांनी आत्याचं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं, ऑफिसची प्रत. त्यावर नऊ सेकंद लिहिलं आहे आणि खाली माझी सही. "नऊ सेकंदांत येणारी गोष्ट तिने एकेचाळीस सेकंदांत केली. चौकशीत तुम्हाला एवढंच सांगायचं आहे की प्रशिक्षण पूर्ण होतं. बाकी चौकशी समिती बघेल."

बाकी म्हणजे काय ते मला कळतं. बाकी म्हणजे लंबूचा जीव आत्याच्या नावावर. नोकरी जाईल, आणि ज्या वस्तीत ती तीस वर्षं राहिली तिथे लंबूच्या आईसमोरून तिला रोज जावं लागेल.

मी विचारलं, "आणि पाइप?" ते म्हणाले, "काटा हिरव्यात होता."

आत्या कालच घरी आली. पट्टी सुटली आहे. तेव्हापासून खिडकीशी बसून आहे. दुपारी मी तिच्यासाठी पाणी घेऊन गेले तर तिचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेते आहे. जवळ गेले. हॉल नंबर दोन, थॅलिक अॅनहायड्राइड. हॉल नंबर दोन, थॅलिक अॅनहायड्राइड. एकदाही चुकत नाही. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, आत्या, पुरे. ती म्हणाली, "आता येतं बघ मला."

बाबा, तुम्ही मला शाळेत घातलंत तेव्हा आत्या म्हणाली होती ना की पोरगी शिकली की आपल्यासाठी बोलेल. मी इतके दिवस तुमच्या सगळ्यांकडून बोलून घेत होते.

उद्या मी बोलणार आहे. नियम माझा होता. परीक्षा मी उघड्या खिडक्यांच्या खोलीत, खुर्चीवर बसवून घेतली होती. नोटीस मी लिहिली होती. पाना माझ्या खणात होता. आणि पाइप बंद आहे हे आत्याने आठवडाभर आधीच सांगितलं होतं, मी ते साहेबांना सांगितलं होतं. एवढं मी न अडखळता सांगू शकले तर बरं. अडखळले तरी पहिल्यापासून सुरू करणार नाही.

छोटी


२ एप्रिल

बाबा,

समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "हे सगळं तुम्ही लेखी देता?" मी म्हणाले, देते. साहेब माझ्याकडे नाही, खिडकीबाहेर बघत होते.

अहवाल काल लागला. आत्यावर ठपका नाही. 'प्रशिक्षणातील त्रुटी' असं लिहिलं आहे आणि प्रशिक्षकाला कामावरून दूर केलं आहे. ते मला चालेल. लंबूची आई काल घरी आली, आत्याशेजारी खिडकीशी बसून राहिली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, तेही मला चालेल.

पण अहवालात पाइपाचा शब्द नाही. मी तो तीनदा वाचला. केटल आहे, झाकण आहे, फोन आहे, त्रुटी आहे. पाइप नाही. जुना काढून नवा बसवला आहे, चकचकीत, एकही पोचा नसलेला. सुया त्यातही धरतील.

हॉल आज सुरू झाला. आत्या कामावर गेली. मी नको म्हणाले, हात धरला. ती म्हणाली, "लंबूच्या जागी जो आलाय तो कापडाच्या गिरणीतून आलाय. त्याला वर पाइप आहे हेही माहीत नाही. कुणी दाखवायचं, तुझ्या साहेबाने?" मग तिने माझ्यासमोर हात पुढे केला, त्या दिवशीसारखा. या वेळी मी पाना दिला. तिने तो फडक्यात गुंडाळून डब्याखाली ठेवला. दारावर पिशव्या तपासतात, पण चेहरा भाजलेल्या बाईची पिशवी आज कोणी उघडली नाही.

मी तिला फाटकापर्यंत सोडलं आणि परत यायला निघाले. कुंपणाच्या बाजूने चालत होते. ऑफिसशेजारच्या खोलीची खिडकी तिथे उघडते. नवी प्रशिक्षक आली आहे, वर्ग पाळीआधी घेते, माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी आहे तिचं. तिचा आवाज आला, "चुकलं की पहिल्यापासून." माझी वही तिला दिली असणार. मग सगळे एकदम म्हणाले, चाळीस आवाज, एकही मागेपुढे नाही. थॅलिक अॅनहायड्राइड. बाबा, ते सगळे अगदी बरोबर म्हणतात.

मी तिथेच थांबले. खोलीतला आवाज थांबला, पाळी सुरू झाली. मी कुंपणाला लागूनच असलेल्या हॉलच्या भिंतीला कान लावून उभी राहिले. रस्त्यावरून जाणारे बघत होते. बराच वेळ काही नाही. मग आला. एकच ठोका, भिंतीच्या आत, खोल.

तो पोकळ होता की बद्द, मला कळलं नाही. आत्याच्या कानांत अजून आग शिरल्यासारखा आवाज होतो, तिलाही कळला असेल की नाही, सांगता येत नाही. मी इथेच कुंपणाशी बसून हे लिहिते आहे. पोस्टाने चार दिवस लागतील, म्हणून दादाच्या फोनवर हेच वाचून दाखवणार आहे. तो तुमच्या कानाशी धरायला सांगेन.

तुम्ही पहिल्या गाडीने या. मला काही म्हणून दाखवू नका, माझ्याशी बोलू नका. नुसते या आणि ऐका.